‘किती?’ असं विचारणारी दांडी : जुने घरगुती संगणक आणि ॲनालॉग जॉयस्टिक

टेबलावर मांडलेल्या दांड्या, उघडी खोकी आणि वायरी बघून काहींना वाटलं असेल की आज दुरुस्तीचा वर्ग भरणार. (हशा) थोडासा भरणार आहेच. पण मुख्यतः आम्हाला आज समीक्षेबद्दल बोलायचं आहे, आणि ते तक्रारीच्या सुरात. तक्रार अशी, की 1977 ते साधारण 1990 या काळातल्या घरगुती संगणकांवरच्या खेळांबद्दल आज जे लिहिलं-बोललं जातं, त्यातला बराच मजकूर भलतीच वस्तू हातात धरून लिहिलेला असतो. कोणी म्हणतं, ‘या खेळात विमान हातात राहत नाही.’ कोणी म्हणतं, ‘हेलिकॉप्टर झटके खातं.’ मग निकाल दिला जातो, की त्या काळी लोकांना एवढंच जमत होतं. आम्ही विचारतो, तुमच्या हातात काय होतं? उत्तर येतं, लॅपटॉपच्या बाणाच्या चार कळा.

सतार ऐकायची आणि वाजवणाऱ्याच्या हाती हार्मोनियम द्यायची, मग म्हणायचं की मींड नीट लागली नाही. आमच्या मते हा तसाच प्रकार आहे.

तर आधी ‘जॉयस्टिक’ या शब्दाचा घोळ सोडवू. या एका नावाखाली दोन वेगळी वाद्यं आहेत. पहिलं म्हणजे स्विचचं. त्याच्या आत चार साधे स्विच असतात, वर, खाली, डावा, उजवा, आणि एक बटण. अटारीची काळी दांडी, सीएक्स 40 नावाची, ती ही. तिच्या नऊ पिनांच्या तोंडात एक ते चार या पिना चार दिशांच्या, सहावी बटणाची, आठवी ग्राउंडची. दांडी ढकलली की एक तार ग्राउंडला टेकते, एवढंच. संगणक तिला विचारतो, ‘डावीकडे आहेस का?’ ती म्हणते हो, नाहीतर नाही.

दुसरं वाद्य म्हणजे ॲनालॉग. तिच्या आत दोन पोटेन्शिओमीटर असतात, आपण दुकानात ज्याला पॉट म्हणतो ते. जुन्या रेडिओचा कान पिरगाळला की आवाज कमी-जास्त व्हायचा, तोच भाग. एक पॉट आडव्या हालचालीचा, एक उभ्या. संगणक इथे ‘आहेस का?’ विचारत नाही, ‘किती?’ विचारतो. आणि उत्तर आकड्यात येतं.

आपल्याकडच्या श्रोत्यांच्या बाबतीत इथे एक अडचण आहे, ती सांगून टाकू. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला जोडायचा कार्ट्रिजवाला व्हिडिओ गेम खेळला, त्यांच्या हाताची सगळी आठवण पहिल्या प्रकारची आहे. अंगठ्याखाली अधिकचं चिन्ह, हो किंवा नाही. त्यामुळे ‘दांडी अर्धीच कलवायची’ ही गोष्ट आपल्या पिढीच्या हाताला ठाऊकच नाही. ती आली पुढे, प्लेस्टेशनच्या अंगठ्याच्या छोट्या काड्यांबरोबर. आणि त्यामुळे समज असा झाला की ॲनालॉग हा नंतरचा शोध, आधी सगळं चार स्विचांवर चालायचं. घरगुती संगणकांचा इतिहास जवळजवळ उलटा आहे.

1977चा ॲपल टू घ्या. स्टीव्ह वॉझ्नियाकने त्यात रंग, आवाज आणि फिरवायच्या चकत्या, म्हणजे पॅडल, घातले त्यामागे एक ठरलेलं काम होतं. ब्रेकआउट हा खेळ बेसिक भाषेत लिहून चालवता यावा, हे त्याला हवं होतं. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे या यंत्रात ॲनालॉग हा मागून चिकटवलेला भाग नाही, तो पायापासून आहे. मशीनचं झाकण उघडलं की आत सोळा पिनांचं एक सॉकेट, तिथे चार ॲनालॉग आणि तीन बटणं लागतात. (चिपसाठी असतं तसलंच सॉकेट. दर वेळी काढ-घाल केली की पिना वाकायच्या. लोक वैतागून जोडतारा विकत घेत.)

आणि यंत्र ‘किती’ कसं मोजतं? ही जागा आम्हाला फार आवडते, म्हणून जरा थांबू. ॲपलमध्ये ॲनालॉगचा आकडा करून देणारी वेगळी चिप नाही. 558 नावाची स्वस्त टायमरची चिप आहे, चार टायमरची. कल्पना अशी करा की नळाखाली घागर ठेवली आहे. घागर म्हणजे कपॅसिटर, नळ म्हणजे तुमच्या दांडीतला पॉट. नळ मोकळा असेल तर घागर पटकन भरते, आवळलेला असेल तर वेळ लागतो. संगणक घागर रिकामी करून देतो आणि भरेपर्यंत एक, दोन, तीन म्हणत मोजत बसतो. मोजलेला आकडा हेच उत्तर. बेसिकमध्ये पीडीएल म्हटलं की 0 ते 255 यांतला आकडा मिळतो तो हा.

आता बघा, प्रत्येक अंक मोजायला सुमारे 11 मायक्रोसेकंद लागतात. दांडी पूर्ण डावीकडे असेल तर मोजणी सुरू होताच संपते. पूर्ण उजवीकडे असेल तर 255 पर्यंत जावं लागतं, म्हणजे जवळजवळ 2.8 मिलिसेकंद. तेवढा वेळ प्रोसेसर दुसरं काहीही करत नाही, घागरीकडे बघत बसतो. म्हणजे दांडी उजवीकडे नेली की खेळाचा एक फेरा किंचित लांबतो! चांगले प्रोग्रामर हे ओळखून होते. शिवाय चारही घागरी एकदमच रिकाम्या होतात. त्यामुळे आडवा आकडा वाचून लगेच उभा वाचायला गेलात तर दुसरी घागर आधीच अर्धी भरलेली असते आणि आकडा खोटा येतो. मध्ये थांबावं लागतं. इथे हात, वेळ आणि प्रोग्राम एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की ‘नियंत्रणं’ असा वेगळा परिच्छेद समीक्षेत लिहिणंच चूक वाटतं.

आयबीएम पीसीचा 1981चा गेम ॲडॅप्टर याच घराण्यातला. तीच 558, तोच मोजण्याचा खेळ, फक्त पॉट 100 किलोओहमचे. ॲपलचे 150 किलोओहमचे. पीसीची रड वेगळी. प्रोसेसर दर दोन वर्षांनी वेगवान होत गेला, घागर मात्र त्याच वेगाने भरत राहिली. परिणाम, तोच खेळ नव्या मशीनवर भलते आकडे मोजायचा. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीचा तो विधी आठवतो का कुणाला? ‘दांडी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा. मध्ये सोडा.’ सत्यनारायणाच्या पूजेत पळीभर पाणी सोडायला सांगतात तसं. (हशा) तो विधी या वाढत्या वेगामुळे आला.

दुसरं घराणं दाब मोजणाऱ्यांचं. रेडिओ शॅकचा टीआरएस-80 कलर कॉम्प्युटर, 1980चा, आणि ॲकॉर्नचा बीबीसी मायक्रो, 1981चा. इथे पॉटची दोन्ही टोकं जोडलेली असतात आणि मधल्या पायावर किती व्होल्ट आले ते वाचतात. कलर कॉम्प्युटर 0 ते 63 इतकेच आकडे देतो, सहा बिट. आणि गंमत म्हणजे तुलनेसाठी व्होल्टेज तयार करणारा जो भाग, त्यातूनच आवाजही निघतो. एकाच माणसाने तबलाही वाजवायचा आणि टाळही. बीबीसीकडे मात्र खरी चिप होती, µपीडी 7002, चार मार्गांची. बेसिकमध्ये ॲडव्हाल म्हटलं की 0 ते 65,520 असा भारदस्त आकडा मिळतो. त्या भारदस्तपणाला भुलू नका, शेवटचे अंक थरथरतच असतात. एका मार्गाचं वाचन व्हायला 10 मिलिसेकंद, चारही चालू ठेवले तर प्रत्येकाची पाळी 40 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 25 वेळा. दोनच मार्ग चालू ठेवले की वेग दुप्पट.

बीबीसी मायक्रोशी आपला थेट संबंधही आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पातून भारतातल्या निवडक शाळांमध्ये हेच यंत्र आलं. इथे बसलेल्यांपैकी कुणी त्यावर बेसिक शिकलं असेल तर मशीनच्या पाठीमागचं पंधरा पिनांचं रिकामं तोंड आठवून बघा. ते याच कामाचं होतं.

आता मुद्द्यावर येऊ. या दोन घराण्यांनी खेळात नेमका काय फरक केला?

सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘एलीट’, 1984, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा, पहिल्यांदा बीबीसी मायक्रोवर आलेला. अवकाशात व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर अवकाश-स्थानकात जहाज शिरवायचं. हे शिरवणं म्हणजे या खेळातला वेशीवरचा दरवाजा. स्थानक स्वतःभोवती एकसारखं फिरत असतं. त्याच्या पोटात एक आडवी फट असते, आणि त्या फटीशी आपलं जहाज समांतर ठेवत आत जायचं. टेकलात तर संपलात.

कळफलकावर हे काम कसं होतं? उजवी कळ दाबली की जहाज फिरू लागतं, सोडली की फिरणं आपोआप ओसरतं, कारण कळफलकावर खेळणाऱ्यांना सोयीचं जावं म्हणून खेळात तशी व्यवस्था ठेवली आहे. म्हणजे स्थानकाइतक्या गतीने फिरत राहायचं तर कळ टक-टक-टक करत राहायची. थोडं पुढे गेलं, थांब. मागे पडलं, परत टक. आणि ॲनालॉग दांडीवर? दांडी जराशी उजवीकडे कलवायची आणि तिथेच धरून ठेवायची. जितका कल, तितकी फिरण्याची गती. मग एक क्षण असा येतो की स्थानक थांबल्यासारखं दिसतं आणि मागचे तारे फिरताना दिसतात. तुम्ही त्याच्या गतीत मिसळलेले असता.

आमचं म्हणणं असं की तो क्षण हा ‘एलीट’चा गाभा आहे. कळफलकावर आणि दांडीवर मिळून दोन वेगळे खेळ होतात. कळफलकावर तो कसरतीचा खेळ, दांडीवर तो संयमाचा. अनेक जण पुढे 1,500 क्रेडिट देऊन आपोआप आत शिरवणारं यंत्र विकत घेतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. समीक्षक लिहितात की स्थानकात शिरणं हा रचनेतला काटा आहे. कळफलकावर तो काटाच आहे, हे मान्य. पण बीबीसीवर दोन्ही वाटा होत्या, आणि एकीवरून चालून दुसरीचा निकाल देऊ नये, इतकंच.

दुसरं उदाहरण ‘चॉपलिफ्टर’, 1982, डॅन गॉर्लिनचा, ॲपल टूवर. या खेळाची सुरुवात गोष्टीपासून झालीच नव्हती. आधी पडद्यावर एक हेलिकॉप्टर नीट उडवून बघणं होतं, गोष्ट मागून आली. आणि ते दिसतं. चार बराकींत मिळून 64 ओलीस, एका खेपेला 16 जण मावतात. हेलिकॉप्टर उतरवायचं, माणसं धावत येतात, चढतात. घाईने त्यांच्या अंगावर उतरलात तर तीच माणसं चिरडतात. म्हणजे खेळातली नीतीच मुळी अंगठ्याच्या नाजूकपणावर टांगलेली आहे. ॲपलच्या दांडीला दोन बटणं, एकाने गोळीबार, दुसऱ्याने हेलिकॉप्टरचं तोंड फिरवायचं. हाच खेळ पुढे स्विचच्या दांडीच्या आणि एका बटणाच्या यंत्रांवर गेला तेव्हा एकाच बटणावर दोन्ही कामं आली आणि कलण्याचं प्रमाण गेलं. तिथेही खेळ चांगलाच आहे. आम्ही तो मोडीत काढत नाही. पण ती रूपांतरं आहेत, आणि रूपांतराचं परीक्षण लिहिताना मूळ वाचायला हवं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल की हे ॲनालॉगचे भक्त झाले. अटारीने 1982 साली 5200 नावाचं यंत्र काढलं. आतून ते त्यांच्याच 1979च्या 400 आणि 800 या घरगुती संगणकांसारखंच. फरक हा, की संगणकाला स्विचची दांडी आणि 5200ला ॲनालॉग, तीही अशी की सोडल्यावर स्प्रिंगने मध्ये परत येत नाही. रबरी आवरणाने ती जागेवर यावी अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. पॅकमॅन दोन्हींवर निघाला आणि जवळजवळ एकसारखा दिसतो. एक खेळून मग दुसरा खेळा. भुताकडे पाठ फिरवून वळायचं आहे, तुम्ही दांडी उजवीकडे नेली आहे, आता डावीकडे जायचं तर आधी सगळा मधला प्रदेश ओलांडायचा. तोवर भुताने खाल्लं. चक्रव्यूहात ‘किती’ हा प्रश्नच नसतो, तिथे ‘कुठे’ एवढंच असतं. तिथे ॲनालॉग लादणं म्हणजे पोळीला चमचा. 1984 पर्यंत हे यंत्र बंद झालं. फक्त दांडीमुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही, पण लोक तिच्यावर वैतागले ते रास्तच होतं.

आणि न परतणारी दांडी नेहमीच वाईट, असंही नाही. कलर कॉम्प्युटरची पहिली दांडीही सोडल्यावर मध्ये येत नसे. चित्र काढताना, पडद्यावर नेम धरताना ते बरंच पडतं, कारण सोडली तिथे राहते. (64 आकड्यांत 256 ठिपक्यांचा पडदा म्हणजे एका पावलाला चार ठिपके. नाजूक चित्र काढणाऱ्यांनी त्याबद्दल कपाळावर हात मारलेला आहेच.) क्राफ्ट कंपनीच्या दांडीला तर खाली खटके होते. हवं तर स्प्रिंग लावा, नको तर सोडा. हे ज्यांनी केलं त्यांना प्रश्न कळला होता असं आम्ही म्हणू.

बरं, आता आज ही वस्तू मिळवायची कशी आणि लावायची कशी?

पहिली गोष्ट, तोंडावरून ओळख पटवू नका. पीसीच्या गेम पोर्टचं तोंड पंधरा पिनांचं, बीबीसीचंही पंधरा पिनांचं, आणि एकातली दुसऱ्यात सहज बसते. पण आतली जोडणी पूर्ण वेगळी. पीसीची दांडी जिथे पाच व्होल्टची अपेक्षा करते त्यांतल्या एका पिनेवर बीबीसीकडे ग्राउंड आहे. शॉर्ट होऊ शकतो. तसंच ॲपल टूईच्या मागचं नऊ पिनांचं तोंड आणि अटारी-कमोडोरचं नऊ पिनांचं तोंड. दिसायला जुळी भावंडं, भाषा एक नाही. चाळीस वर्षांच्या मशीनवर ‘लावून तर बघू’ हा प्रयोग करू नये. मल्टिमीटर घ्या, पिना मोजा, कागदावर लिहा, मग लावा.

दुसरी गोष्ट, पीसीच्या दांड्या अजून त्यातल्या त्यात मिळतात, म्हणून लोक त्याच ॲपलला जोडायला बघतात. जमतं. दोन्ही घागर भरणारीच आहेत. पण 100 किलोओहमच्या पॉटने ॲपलवर आकडा 255 पर्यंत जात नाही, सुमारे 200 ला थांबतो. म्हणजे दांडी मध्ये असताना आकडा 127 च्या ऐवजी 100 च्या आसपास, आणि खेळाला वाटतं तुम्ही सतत डावीकडे झुकलेले आहात. हेलिकॉप्टर आपलं मागेमागे सरकतं आणि मग ‘झटके खातं’ अशी तक्रार! उपाय साधा आहे. जोडतारेत प्रत्येक ॲनालॉग तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर टाकायचा, म्हणजे घागर थोडी मोठी होते. सहा-सात नॅनोफॅरडच्या आसपास काम होतं. बटणांचं मात्र वेगळं बघावं लागतं. पीसीची बटणं ग्राउंडला टेकतात, ॲपलची पाच व्होल्टला, तर ती तार बदलायला हवी.

कमोडोर 64 वर ‘किती’ मोजण्याचं काम आवाजाची चिप करते. सिड नावाची तीच, जिच्या संगीतावर लोक आजही जीव टाकतात. तिला 470 किलोओहमच्या आसपासचा पॉट लागतो. पीसीची दांडी तिथे ढोबळ मानाने एक-पंचमांशच पल्ला देईल, आणि अटारीची एक मेगाओहमची चकती अर्ध्या फेऱ्यातच टोक गाठेल. पण खरं सांगायचं तर या यंत्रावर ॲनालॉग दांडीसाठी लिहिलेले खेळ मोजकेच. तिथे चकत्या, कोआला पॅडसारखी रेखाटनाची पाटी आणि पुढे उंदीर, या गोष्टी त्या वाटेने आल्या. कमोडोरसाठी ॲनालॉग दांडी शोधत फिरणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, बाबा रे, खेळणार काय आहेस?

तिसरी गोष्ट, नवीन दांडी घरी बनवणं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला जा, 100 किलोओहमचा पॉट मिळेल. दुकानदाराला ‘लिनियर’ सांगा. सहसा त्यावर ‘बी’ अक्षर असतं. ‘ए’ अक्षराचा आवाजासाठीचा असतो, तो लावलात तर दांडीचा मध्य कुठेतरी भलतीकडेच जाईल. आणि साधा पॉट जवळजवळ 270 ते 300 अंश फिरतो, तर दांडी त्याला जेमतेम त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी फिरवते. म्हणजे आकड्यावर 100 किलोओहम असले तरी वापरात 25 च. म्हणून घागरीच्या घराण्यात जास्त किमतीचा पॉट लावून त्याचा सुरुवातीचा टप्पाच वापरावा लागतो. हे कोणी सांगत नाही आणि मग पोरं हताश होतात.

अंगठ्याने हलवायच्या छोट्या काड्यांचे सुटे भाग हल्ली प्रयोगशील मुलांच्या किटमध्ये स्वस्तात येतात. ते 10 किलोओहमचे. ॲपलला किंवा पीसीला थेट लावले तर पल्ला नावापुरताच. पण दाबाच्या घराण्यात ओहमचा आकडा तितका महत्त्वाचा नसतो, तिथे प्रमाण मोजलं जातं. कलर कॉम्प्युटर आणि बीबीसीसाठी म्हणूनच हा भाग चांगला. उलट पीसीची दांडी तिथे लावायची तर ती उघडून पॉटचा तिसरा, मोकळा ठेवलेला पाय जोडावा लागतो.

मात्र काडीचा एक दोष सांगायलाच हवा. तिच्याभोवतीची चौकट गोल असते. जुन्या दांड्यांची चौकट चौरस. चौरसाच्या कोपऱ्यात तुम्ही एकाच वेळी पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण वर असू शकता. गोलात नाही, तिथे दोन्ही आकडे सत्तर टक्क्यांच्या आसपास अडकतात. ज्या खेळात तिरपं पूर्ण वेगाने जायला हवं तिथे नवी काडी लंगडी पडते. शिवाय हिची हालचाल एका सेंटिमीटरच्या आत, जुन्या दांडीची कितीतरी लांब. एक अंश चुकला तर जुन्या दांडीवर हाताला कळतं, काडीवर पडद्याला कळतं.

इथे आम्हाला दोन पक्षांशी भांडायचं आहे. एक पक्ष संग्राहकांचा. मूळ दांडी, मूळ खोका, त्याच्याशिवाय खेळणं म्हणजे भ्रष्टाचार. त्यांना आम्ही एवढंच सांगतो, की पॉटच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर घासत एक पाकळी फिरते. प्रत्येक हालचालीला तो पट्टा झिजतो. दांडी न हलवता आकडा थरथरू लागला की समजावं, पट्टा संपत आला किंवा धूळ बसली. धूळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवलं की बरं होतं. पट्टाच गेला असेल तर काही होत नाही. म्हणजे मूळ दांडी ही खर्च होणारी वस्तू आहे. ती कपाटात ठेवली तर खेळ कळत नाही, वापरली तर ती संपते. यातून सुटायचं तर नवीन बनवावीच लागेल.

दुसरा पक्ष म्हणतो, एम्युलेटर आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, कळा दाबा, झालं. एम्युलेटरबद्दल आम्हाला आदर आहे, त्याच्याशिवाय हे खेळ आज दिसलेच नसते. पण ‘डिस्क वाचली म्हणजे खेळ वाचला’ हा जो समज पसरला आहे तो आम्हाला धोक्याचा वाटतो. बाणाची कळ दाबली की एम्युलेटर खेळाला सांगतो 0, नाहीतर 127, नाहीतर 255. मधले आकडे खेळाला कधी मिळतच नाहीत. ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याने त्या मधल्या अडीचशे आकड्यांसाठी लिहिला होता. पुढची पिढी हा खेळ उघडेल, तीन आकड्यांवर खेळेल, आणि ‘ओबडधोबड’ म्हणून मिटेल. डिस्क शाबूत असेल, खेळ नसेल.

म्हणून आमची मागणी समीक्षकांकडे आहे. जुन्या खेळाबद्दल लिहिताना दोन ओळी हाताबद्दल लिहा. दांडी स्विचची की ॲनालॉग, सोडल्यावर मध्ये येते की नाही, चौकट गोल की चौरस, आणि टोकापासून टोकापर्यंत आकडा किती ते किती. नाटकाच्या परीक्षणात प्रयोग कुठल्या नाट्यगृहात पाहिला ते लिहितात ना? इतकंच. आणि जे संग्रह सांभाळतात त्यांनी प्रत्येक दांडीचे हे चार आकडे नोंदवून ठेवावेत. दांडी गेली तरी तशीच दुसरी बनवता येईल.

मोजायचं कसं, हे प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारेलच, म्हणून आत्ताच. ॲपलवर दोन ओळींचा प्रोग्राम. पहिल्या ओळीत पीडीएल शून्य आणि पीडीएल एक छापा, दुसरीत परत पहिलीकडे जा. दांडी चारही कोपऱ्यांत नेऊन आकडे बघा, मग सोडून बघा. कलर कॉम्प्युटरवर जॉयस्टिक शून्य आधी वाचायचं, मग बाकीच्या, नाहीतर जुनेच आकडे दिसत राहतात. बीबीसीवर ॲडव्हाल एक आणि दोन, आणि आलेल्या आकड्याला 256 ने भागा, म्हणजे थरथर डोळ्यांना त्रास देणार नाही.

आता या टेबलावरच्या दांड्या ज्यांना हातात घेऊन बघायच्या आहेत त्यांनी पुढे या. डावीकडची स्विचची आहे, ती कशीही हलवा, तिला काही होत नाही. उजवीकडच्या दोन मात्र हळू. आणि ती मधली, स्प्रिंगचे खटके असलेली, तिचा उभा पॉट आधीच थरथरतो आहे, तर ती एकेकानेच घ्या. तोवर प्रश्न सुरू करू.